पाटी गेली, बिऱ्हाडं जागेवरच

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ होती: ‘बूटएमजीआर इज मिसिंग’, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा बूट मॅनेजर सापडत नाही. परळच्या आमच्या चाळीतल्या काकूंचा धीर तिथेच सुटला. नातवाच्या बारशापासूनचे सगळे फोटो त्या जुन्या विंडोज 7 च्या संगणकात, आणि लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात त्यांना सांगितलेलं, ‘फॉरमॅट मारावा लागेल,’ म्हणजे डिस्क पुसावी लागेल.

“काकू, थांबा,” मी म्हटलं. “फोटो बहुतेक शाबूत आहेत.”

बटण दाबल्यावर आधी जागा होतो तो मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस हा छोटा प्रोग्राम. विंडोज कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं. तो डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो, अवघे 512 बाइट. त्यातले 446 बाइट पुढची वाट दाखवणारा कोड, 64 बाइटांत डिस्कच्या विभागांचा तक्ता आणि शेवटचे 2 बाइट ओळखीची खूण. या वाटेनं बूट मॅनेजर सापडतो, तो कुठलं विंडोज कुठे आहे हे सांगणारी बीसीडी नावाची यादी उघडतो आणि मग विंडोज उठतं. (नव्या यंत्रांत बायोसच्या जागी यूईएफआय असतं, त्याच्या बूट फायली वेगळ्या छोट्या विभागात असतात.)

चाळीच्या जिन्यापाशी नावांची पाटी असते ना, तसंच हे. पाटी पडली की पोस्टमन अडतो. बिऱ्हाडं मात्र आपापल्या खोलीत असतात. अचानक वीज गेली, विभागांत चुकीची ढवळाढवळ झाली किंवा डिस्क थकली, की पाटी पडू शकते.

सगळ्यात आधी यंत्राला लावलेले पेनड्राइव्ह काढून पाहावेत. यंत्र त्यावरूनच सुरू व्हायला गेलं तरी हीच ओळ दिसू शकते. डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र काहीही करू नये, आधी डेटा वाचवावा. काकूंच्या डिस्कचा आवाज ठीक होता.

इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून ‘रिपेअर’ निवडलं. स्टार्टअप रिपेअरनं काम झालं नाही, म्हणून आज्ञा टाइप करायची खिडकी, कमांड प्रॉम्प्ट, उघडून ‘बूटरेक’ या बूट-दुरुस्तीच्या साधनाच्या तीन आज्ञा दिल्या: फिक्सएमबीआर, फिक्सबूट, रीबिल्डबीसीडी. यूईएफआयच्या यंत्रात बहुधा बूट फायली नव्यानं बसवणारी ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा लागते. कमांड प्रॉम्प्टमध्ये ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, नेहमीचा ‘सी’ ड्राइव्ह ‘डी’ होऊन बसतो, म्हणून विंडोजचं फोल्डर कुठे आहे ते आधी बघून घ्यावं.

तिसऱ्या आज्ञेनंतर पडद्यावर आलं: विंडोजची 1 प्रत सापडली, यादीत घालू का?

“वाय दाबा,” मी काकूंना म्हटलं. त्यांनी पदराला बोट पुसलं आणि दाबलं.