गटार, नळ, रस्ता: गावातलं काम आराखड्यात कसं बसवायचं

जुलैमध्ये गटार तुंबतं, पाणी ओटीवर येतं आणि माणूस तावातावाने ग्रामपंचायतीत जातो. ग्रामसेवक ऐकून घेतो आणि म्हणतो, "आराखड्यात नाही." ऐकणाऱ्याला ही टोलवाटोलवी वाटते. कधीकधी ती असतेही. पण वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून गावाला येणाऱ्या, पैशाबाबत ते खरंच आहे: ज्या कामाचं नाव ग्रामपंचायत विकास आराखड्यात, म्हणजे गावाच्या वर्षभराच्या कामांच्या यादीत, नाही, त्याचं बिल त्या पैशातून निघत नाही. आराखडा ठरतो हिवाळ्यात आणि आपण भांडायला जातो पावसाळ्यात. अर्ज कसा करायचा यापेक्षा तो कधी आणि खर्चाच्या कुठल्या सदराखाली करायचा, हे कळलं तर अर्धं काम होतं.

मागणी कोण करू शकतं

गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे, तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य. वेगळी नोंदणी नाही, फी नाही. घरपट्टी थकली म्हणून ग्रामसभेत बोलू देणार नाही, असं काही ठिकाणी सांगतात. त्यात अर्थ नाही. थकबाकी ग्रामपंचायत सदस्याचं पद अडचणीत आणू शकते, मतदाराचा ग्रामसभेतला हक्क नाही. अर्थात पट्टी भरलेली असली की बोलायला जोर येतो, ती गोष्ट निराळी.

अडचण होते ती नोकरीधंद्यासाठी बाहेर गेलेल्यांची. मुंबईचा चाकरमानी गणपतीला गावी येतो, वाडीच्या रस्त्यावरून सगळ्यांना फैलावर घेतो, पण नाव असतं मुंबईच्या यादीत. अशा माणसाने अर्ज जरूर लिहून द्यावा, त्यावर सही मात्र गावात मतदार असलेल्या भावाची किंवा शेजाऱ्याची घ्यावी. कायमचे गावी परतला असाल तर मतदार यादीतला पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरा. गावात राहणाऱ्या नव्या मतदारासाठी नमुना ६.

पैसा कुठला, ते आधी बघा

गावाकडे पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. एक वाट वित्त आयोगाची. पंधराव्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात महाराष्ट्रात या निधीचे ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला असे वाटे होते. त्याआधी, चौदाव्या आयोगात, सगळा पैसा थेट ग्रामपंचायतीकडे यायचा. म्हणजे आयोग बदलला की नियम बदलतात. म्हणून ग्रामसभेत उभं राहिल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा: यंदा बंधित किती, अबंधित किती?

हे दोन शब्द समजले नाहीत तर पुढचं सगळं वाया. पंधराव्या आयोगात ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरावीक कामांवरच खर्चायचा, होता: ३० टक्के पिण्याच्या पाण्यासाठी (पावसाचं पाणी साठवणं, पाण्याचा पुनर्वापर यांसह) आणि ३० टक्के स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचा. मात्र पगार आणि आस्थापनेवर नाही. समजा, गावाला १० लाख आले. त्यातले ३ लाख पाण्याचे, ३ लाख स्वच्छतेचे, आणि रस्ता, स्मशानभूमी, अंगणवाडीची दुरुस्ती, पथदिवे या सगळ्यांनी मिळून ओढाताण करायची ती उरलेल्या ४ लाखांवर.

गंमत अशी की जवळजवळ प्रत्येक वाडीची मागणी रस्त्याची असते. म्हणून मागणी लिहिताना जरा डोकं चालवा. "रस्ता खराब आहे" असं लिहिलंत की अर्ज त्या ४ लाखांच्या रांगेत सगळ्यात शेवटी. पण रस्ता खराब होण्याचं कारण सांडपाणी असेल, तर आधी गटार आणि शोषखड्डे मागा. ते स्वच्छतेच्या सदराखाली बसतं, आणि तिथे मागणारे कमी असतात. विहिरीची दुरुस्ती, जुनी पाइपलाइन बदलणं, टाकीची गळती ही कामं पाण्याच्या सदराखाली. यात खोटं काही नाही, फक्त खरी गरज योग्य रकान्यात लिहिली.

दुसरी वाट ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाची: घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारातली वसुली वगैरे. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. दिव्यांगांच्या ५ टक्क्यांसाठी वैयक्तिक अर्ज करता येतो. त्याला यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) किंवा ४० टक्के अथवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, आधार, रहिवासाचा पुरावा आणि बँक पासबुकाची प्रत जोडा. हा पैसा मागायलाच कोणी येत नाही आणि मार्चअखेरीस तो कशावर तरी उडतो, अशी गावं थोडी नाहीत.

अर्ज आणि सोबतचे कागद

सामूहिक कामाच्या मागणीसाठी कुठलाही छापील फॉर्म सक्तीचा नाही. साधा कागद चालतो. पण कागद असा द्या की फाइलीत टिकेल. वर "प्रति, सरपंच / ग्रामसेवक" (या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी), विषयात कामाचं नाव आणि वर्ष, आणि खाली थेट मुद्दा. नमुना असा:

"विषय: वॉर्ड क्र. २ मधील मराठी शाळा ते ओढा या भागात बंदिस्त गटाराचे काम पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात घेण्याबाबत. महोदय, वरील भागात अंदाजे १२० मीटर लांबीत सांडपाणी रस्त्यावर येते. १८ घरे व शाळेतील मुले यांना त्रास होतो. सदर मागणी येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत घ्यावी व ठरावाची प्रत मिळावी, ही विनंती."

खाली सह्या. जितकी घरं लिहिलीत तितक्या घरांतून निदान एकेक सही हवी, आणि नावापुढे मतदार ओळखपत्राचा क्रमांक. जागेचे दोन-तीन फोटो जोडा. काम खासगी जमिनीतून जाणार असेल तर त्या गटाचा सातबारा आणि मालकाचं संमतीपत्र. याच एका कागदावाचून मंजूर कामं वर्षानुवर्षं लटकतात. जमीन तीन भावांच्या नावावर असेल आणि एकाचीच संमती असेल, तर ते काम होणार नाही हे धरून चला. रस्ता मागत असाल तर तो ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत आहे का, ते आधी विचारा. तो जिल्हा परिषदेचा निघाला तर अर्जच वेगळ्या दारात द्यावा लागतो.

अर्ज दोन प्रतींत. एक देऊन दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. ही पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

ग्रामसभा: नेमकं काय घडायला हवं

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे आर्थिक वर्षात निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. रूढ तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. सरपंचाने पुरेशा कारणाशिवाय सभा टाळली तर त्याचं पद जाऊ शकतं. सर्वसाधारण सभेची नोटीस ७ दिवस आधी लागायला हवी. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जी संख्या कमी असेल ती. ६०० मतदारांच्या गावात ९० माणसं, २,००० मतदारांच्या गावात १००. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. पहिल्या सभेला आपण कंटाळून घरी जातो आणि पुढच्या सभेत वीस माणसांत आराखडा मंजूर होतो, तो असा. तहकुबीची तारीख विचारल्याशिवाय उठू नका.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. पाणी आणि शौचालयाचे विषय तिथे जास्त नेमकेपणाने निघतात, कारण हंडा कोण वाहतं ते सगळ्यांना माहीत आहे. तिथली मागणी इतिवृत्तात आली की ग्रामसभेत तिला बाजूला सारणं अवघड जातं.

राज्यात "आमचं गाव, आमचा विकास" हा उपक्रम २०१५ मध्ये सुरू झाला, आणि २०१८ पासून देशभर २ ऑक्टोबरच्या सुमारास आराखड्याची मोहीम सुरू होते. शिवारफेरी, वॉर्डसभा आणि मग ग्रामसभा असा क्रम. तुमचा अर्ज सप्टेंबरअखेर ग्रामपंचायतीत पोचलेला असावा. सभेत बोलून थांबू नका. आपला विषय इतिवृत्तात लिहून घेतला की नाही, ते वाचून दाखवायला सांगा. टाळ्या वाजल्या आणि ठराव लिहिलाच नाही, असा प्रकार माझ्याही डोळ्यांदेखत झाला आहे.

नंतर पाठपुरावा

मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर चढतो. २०२० पासून ही सोय आहे आणि बघायला पासवर्ड लागत नाही. वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडलं की कामांची यादी आणि झालेला खर्च दिसतो. आपल्या कामाचं नाव, रक्कम आणि ते बंधितमध्ये आहे की अबंधितमध्ये, एवढं टिपून ठेवा. वर्षाच्या मधेच काम बदललेलं दिसलं तर त्या बदलाचा ग्रामसभेचा ठराव मागा.

ठरावाची प्रत सरळ मिळाली नाही तर माहिती अधिकार. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला दाखला जोडल्यावर फी नाही. प्रतींना पानाला २ रुपये. "काम का झालं नाही?" असं विचारू नका, उत्तर मिळत नाही. "२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची आणि या वर्षाच्या अंदाजपत्रकाची, म्हणजे नमुना १ ची, प्रत द्यावी" असं मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानेही भागलं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. सभाच न झाल्याची तक्रार मात्र गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी द्यायची, आणि तिचीही पोच घ्यायची.