एक युनिट वीज, दीड लिटर पाणी

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याची हवा इतकी कोरडी असते की साधा कूलरही खोली छान गार करतो. पाण्याची वाफ होताना ते उष्णता शोषून घेतं. पुष्कळ डेटा सेंटर (जिथे इंटरनेट सेवांचे असंख्य संगणक, म्हणजे सर्व्हर, अहोरात्र चालतात) याच तत्त्वावर गार ठेवली जातात. सर्व्हरने वापरलेल्या जवळजवळ सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. एका युनिटची उष्णता फक्त बाष्पीभवनाने घालवायची, तर साधारण दीड लिटर पाणी हवेत उडून जातं. पंचाईत अशी, की ही पद्धत सगळ्यात चांगली चालते ती नेमकी खडकवासला-पानशेत धरणांचा साठा आटतो आणि हिंजवडी-बाणेरच्या सोसायट्या टँकरची वाट बघतात तेव्हा.

मायक्रोसॉफ्टचा एक क्लाउड विभाग, म्हणजे डेटा सेंटरांचा समूह, 2015 पासून पुण्यात आहे, म्हणून ही चर्चा आपल्या दारातली. 2030 पर्यंत आपण हवेत सोडतो त्याहून जास्त कार्बन काढून घेऊ, असं या कंपनीने 2020 मध्ये जाहीर केलं. 2024 च्या अहवालात तिचं उत्सर्जन 2020 पेक्षा 29 टक्के वाढलेलं होतं. गूगलचं 2019 ते 2023 या काळात 48 टक्के वाढलं. दोन्हीकडे मोठं कारण डेटा सेंटर. त्यामागे एआयची शर्यत आहे. आम्ही गूगलला नाचायला लावलं हे लोकांना कळावं, असं मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला फेब्रुवारी 2023 मध्ये म्हणाले. कमी गुंतवणुकीचा धोका जास्त गुंतवणुकीच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, हे गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांचं जुलै 2024 मधलं म्हणणं. मागे पडण्याची भीती अशी असेल, तर पर्यावरणाचं उद्दिष्ट दरवेळी उद्यावर जाणार. मला या वृत्तीची खरोखर काळजी वाटते.

गार करण्यासाठी पाण्याची वाफ करावी लागणार नाही, अशी नवी रचना मायक्रोसॉफ्टने 2024 मध्ये आणली. हे चांगलंच झालं. पण पाण्याचा मोठा खर्च त्याआधीच झालेला असतो. महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशाची. जुन्या औष्णिक केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरण्याची मुभा आहे, शिवाय सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पुण्यात पाणी वाचलं तरी चंद्रपूरच्या वीजकेंद्रासाठी इरई धरणातून ते उपसलं जातंच. म्हणजे खरा प्रश्न एकूण युनिटांचा आहे. जगभरातली डेटा सेंटर 2024 मध्ये सुमारे 415 अब्ज युनिट वीज वापरत होती; 2030 मध्ये हा आकडा 945 अब्जांवर जाईल, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे.

म्हणून पुण्यात नव्या डेटा सेंटरला परवानगी देतानाच मे महिन्यात किती पाणी आणि किती वीज लागणार, हे कंपनीकडून लिहून घ्यावं आणि लोकांसमोर ठेवावं. वाफेवरच गार करायचं असेल, तर शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरण्याची अट हवी.