अजिंठा, वेरूळ आणि शहर : तुमची सहल आम्ही कशी आखतो

छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो : "एका दिवसात अजिंठा-वेरूळ दोन्ही होईल का?" गाडी दोन्हीकडे पोहोचेल, यात शंका नाही. पण शहरापासून अजिंठा शंभर किलोमीटर आणि वेरूळ तीस किलोमीटर, आणि दोन्हींचे रस्ते वेगवेगळे. दिवसातले सहा-सात तास गाडीत जातात. उरलेल्या वेळात लेण्यांपुढे उभं राहून फोटो काढता येतात, लेणी बघता येत नाहीत. म्हणून अशी एकदिवसीय सहल आम्ही घेत नाही. इतक्या लांबून आलेल्या माणसाने कैलास लेण्यातून वीस मिनिटांत बाहेर पडावं, हे आम्हाला पटत नाही.

आमच्या वेळापत्रकात कुठली जागा कुठल्या दिवशी आणि कुठल्या वेळी येते, आणि काही जागा आम्ही का गाळतो, ते या पत्रकात सांगितलं आहे. बुकिंगआधी वाचलंत तर बदल सुचवणं तुम्हाला सोपं जाईल.

आधी वार, मग बाकीचं

अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. हे एवढं लक्षात न घेता तिकिटं काढली की सहल तिथेच अडते. शनिवारी दुपारी येऊन सोमवारी संध्याकाळी परतणाऱ्यांपुढे एकच क्रम उरतो : शनिवारी शहर, रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ. सोमवार-मंगळवार हे दोनच दिवस असतील तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा, उलट चालत नाही. बीबी का मकबरा आणि दौलताबादचा किल्ला रोज उघडे असतात, त्यामुळे मधल्या फटी त्यांनी भरता येतात.

श्रावणात आणखी एक गोष्ट बघावी लागते. घृष्णेश्वराचं देऊळ वेरूळच्या लेण्यांपासून अगदी जवळ आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक, त्यामुळे श्रावणी सोमवारी पहाटेपासून रांग लागते आणि रस्त्यावर गाड्या खोळंबतात. दर्शनासाठीच येणार असाल तर तो दिवस जरूर घ्या, फक्त लेण्यांना पुरेसा वेळ मिळेल अशी आशा ठेवू नका. लेणी मुख्य असतील तर श्रावणी सोमवार टाळा. महाशिवरात्रीलाही हेच लागू.

दोन्ही ठिकाणांसाठी दिवस मोकळे असतील तर आम्ही आधी अजिंठा आणि मग वेरूळ सुचवतो. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, चित्रांचा बहर पाचव्या शतकातला. तिथलं काम थांबतं आणि पुढच्या शतकात वेरूळचं सुरू होतं. या क्रमाने पाहिलं तर दगडातलं काम कसकसं बदलत गेलं ते डोळ्यांना आपोआप कळतं. शिवाय लांबचा प्रवास ताज्या दमाच्या दिवशी झालेला बरा.

अजिंठा : सकाळी लवकर निघण्याचं कारण

शहरातून साडेसहाला निघायचं म्हटलं की पाहुणे कुरकुरतात. पण फुलंब्री-सिल्लोडमार्गे फर्दापूरला पोहोचायला अडीच तास धरावेच लागतात. खासगी गाडी लेण्यांपर्यंत जात नाही; फर्दापूरच्या फाट्यावर ती लावून शेवटचे चारेक किलोमीटर बसने जायचं असतं. लेणी सकाळी नऊला उघडतात. अकरानंतर शाळांच्या सहली आणि मोठ्या बसगाड्या आल्या की चित्रांच्या लेण्यांपुढे रांग लागते. आत एका वेळी मोजकेच लोक सोडतात, फार वेळ थांबूही देत नाहीत. पहिल्या दीड तासातलं अजिंठा आणि दुपारचं अजिंठा यांत फार फरक आहे.

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिरल्यावर लगेच चित्रं शोधू नका. आतला उजेड मुद्दामच मंद ठेवलेला आहे, रंग टिकावेत म्हणून. डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात. मग गाभाऱ्याच्या डाव्या बाजूला पद्मपाणी बोधिसत्त्व दिसू लागतो : किंचित कललेली मान, अर्धवट मिटलेले डोळे, उजव्या हातात कमळ. आधी चेहरा दिसतो, मग मुकुटाची नक्षी, आणि थोडं थांबलात तर मागची गर्दी, माकडं, झाडंही पुढे येतात. फ्लॅश वापरायला बंदी आहे आणि ती कसोशीने पाळावी ही आमची कळकळीची विनंती आहे. दीड हजार वर्षं टिकलेला रंग पुढेही टिकला पाहिजे.

लेण्यांना एकूण तीस क्रमांक आहेत. सगळी पाहायचा हट्ट धरू नका. एक, दोन, नऊ, दहा, सोळा, सतरा, एकोणीस आणि सव्वीस ही नीट पाहिली तरी चार तास जातात. पहिल्या लेण्यापुढे रांग दिसली तर वाटाड्या तुम्हाला आधी सतराव्याकडे नेईल, तेव्हा क्रम बदलला म्हणून गडबडू नका. दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने कोरलेलं नाव आणि १८१९ च्या एप्रिलमधली तारीख आहे. ती माणसाच्या डोक्याच्या बरीच वर आहे, कारण तो आला तेव्हा लेणं दगडमातीने भरलेलं होतं आणि तो त्या भरावावर उभा होता. सव्वीसाव्या लेण्यातली निजलेल्या बुद्धाची मूर्ती सात मीटरांहून लांब आहे. पावलांकडून डोक्याकडे सावकाश चालत जा आणि खालच्या बाजूचे शोकाकुल शिष्य एकेक करून पाहा.

चित्रांच्या लेण्यांत चपला-बूट बाहेर काढावे लागतात, तेव्हा झटकन निघतील असं पायताण घाला. उग्र अत्तर लावू नका, कड्यांवर आग्या मोहोळं असतात. खाऊच्या पिशव्या बंद ठेवा, माकडं धीट आहेत.

एक सोय फार थोड्यांना माहीत असते. परतीची गाडी विदर्भाकडे, भुसावळकडे किंवा उत्तरेकडे जाणारी असेल तर अजिंठ्याहून पुन्हा शहरात यायची गरज नाही. तिथून जळगाव साठेक किलोमीटरवर आहे. सामान गाडीतच ठेवून संध्याकाळी थेट जळगाव स्टेशनवर सोडतो. अशा वेळी मात्र क्रम उलटा करून अजिंठा शेवटच्या दिवशी घेतो.

वेरूळ : सोळावं लेणं शेवटी

तिकीट दाखवून आत गेलं की समोरच सोळावं लेणं, म्हणजे कैलास. त्यामुळे जो तो आधी तिथेच जातो. आम्ही ते मुद्दाम शेवटी ठेवतो. वेरूळचा डोंगरकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी लेण्यांचे दर्शनी भाग सावलीत असतात आणि तिसऱ्या प्रहरी ऊन आत उतरतं. तीन-साडेतीननंतर कैलासाचा दगड उजळतो आणि शिल्पांचे उठाव स्पष्ट होतात.

म्हणून दुपारी एकच्या सुमारास आधी जैन लेण्यांकडे जायचं. ती उत्तरेच्या टोकाला आहेत, क्रमांक तीस ते चौतीस. बत्तिसाव्या, इंद्रसभेच्या वरच्या मजल्यावरचे खांब आणि छतातलं कमळ पाहून गाडीने मागे यायचं. पहिली बारा लेणी बौद्ध आहेत. त्यांतलं दहावं चुकवू नका. त्याच्या छताला दगडात कोरलेल्या फासळ्या आहेत, अगदी लाकडी वाशांसारख्या, म्हणून लोक त्याला सुतार झोपडी म्हणतात. बाराव्याचे तीन मजले पायांत बळ असेल तर चढा.

मग कैलास, किमान दीड तास हाताशी ठेवून. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात घडलेलं हे मंदिर वरून खाली कोरत आणलं आहे. जुनी कथा अशी की, राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि त्याचा कळस पाहिल्याशिवाय अन्न घेणार नाही, असा राणी माणिकावतीने नवस केला. इतक्या लवकर कळस दाखवणार कसा? पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने मग कळसापासूनच कोरायला घेतलं. कथा खरी असो-नसो, काम वरून सुरू झालं हे खरं आहे. दक्षिणेच्या बाजूला, खाली वाकून कैलास पर्वत हलवणारा रावण शोधा. वर शंकर निवांत आहे आणि पार्वती घाबरून त्याला बिलगली आहे. वरच्या मंडपाच्या छतावर जुन्या गिलाव्याचे आणि रंगाचे तुकडे अजून दिसतात.

दौलताबादचा किल्ला वेरूळच्याच रस्त्यावर आहे. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांच्यासाठी त्याच दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही तो घेतो. यादवांची देवगिरी, ती हीच. माथ्यापर्यंत सुमारे साडेसातशे पायऱ्या आहेत आणि मधल्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, वटवाघळांचा वास आणि पायाखाली ओबडधोबड दगड. टॉर्च हवाच. ज्येष्ठांना आम्ही चांदमिनार आणि खालचा तट दाखवून थांबवतो. माथा गाठला नाही तरी खंदक आणि तासलेला कडा खालूनच पुरेसं सांगून जातात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा किल्ला आणि वेरूळ एका दिवशी घेत नाही.

घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा-बनियन काढावा लागतो. सध्याचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी उभारलेलं आहे. वेरूळ हे मालोजीराजे भोसल्यांचं गाव, गढीच्या जागी त्यांच्या वास्तव्याच्या खुणा आहेत. पाच मिनिटं थांबायला सांगितलंत तर गाडी थांबेल. सीताफळाच्या दिवसांत, ऑक्टोबरच्या सुमारास, दौलताबादच्या रस्त्याकडेला ढीग लागलेले असतात. तिथे थांबायची वेळ आम्ही आधीच धरलेली असते.

शहर

मकबरा, पाणचक्की आणि मलिक अंबरने १६१२ मध्ये उभारलेला भडकल दरवाजा अर्ध्या दिवसात होतात. मकबऱ्याला "नकली ताज" म्हणून हिणवणारे वाटाडे आम्ही नेमत नाही. औरंगजेबाच्या बेगमेची, दिलरस बानूची ही कबर आहे, आणि वास्तुकार अताउल्ला व अभियंता हंसपत राय यांचं ते स्वतंत्र काम आहे. जवळ जाऊन पाहा : भिंतीचा खालचा पट्टा आणि घुमट संगमरवरी, मधला भाग काळ्या दगडावर गुळगुळीत गिलावा. वेळ असेल तर मकबऱ्यामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी आवर्जून घ्या. गर्दी नसते. सातव्या लेण्यात आग, जहाजाचं बुडणं, सिंह, साप, हत्ती अशा संकटांतून भक्तांना सोडवणारा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व कोरला आहे.

खरेदीसाठी आम्ही कुठल्याही दुकानाशी बांधलेलो नाही आणि दुकानदाराकडून कमिशन घेत नाही. पैठणी घ्यायची असेल तर पदर उलटा करून बघा. हातमागावरच्या विणीत मागची बाजूही पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागावरच्या साडीला मागे सुटे धागे लोंबतात. हिमरू शाल घेतानाही ती मागावर विणताना पाहायला मिळेल का, असं विचारा.

पैसे आणि कागदपत्रं

आमच्या दरात गाडी, डिझेल, टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता धरलेला असतो. स्मारकांची तिकिटं, फर्दापूरची बस आणि सरकारमान्य वाटाड्याचं मानधन वेगळं; त्या रकमा वेळापत्रकात आम्ही स्वतंत्र लिहितो. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. परदेशी पासपोर्टवर येणाऱ्यांना दर वेगळा पडतो, पण ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) असेल तर भारतीयांचाच दर लागतो. तेव्हा अमेरिकेहून-लंडनहून आलेल्या घरच्या माणसांनी ते कार्ड हॉटेलवर ठेवून येऊ नये.

आम्हाला काय कळवाल

येण्या-जाण्याच्या गाड्यांची वेळ, माणसं किती आणि कुठल्या वयाची, कुणाला पायऱ्या चढायला त्रास आहे का, उपवास किंवा पथ्य आहे का, आणि तुमचं मन कशात आहे : चित्रं, देवदर्शन, किल्ला, की साडी. मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसने येणार असाल तर ती भल्या पहाटे पोहोचते; हॉटेलची खोली दुपारी मिळते, म्हणून आंघोळ-नाश्त्याची सोय आधी सांगावी लागते. अजिंठ्याला पायऱ्यांसाठी डोली मिळते, तीही आधी कळवली तर वेळेवर ठरवता येते.

तारखा कळल्या की दुसऱ्या दिवशी लेखी वेळापत्रक मोबाइलवर पाठवतो. त्यात निघण्याच्या वेळा, जेवणाच्या जागा आणि त्या दिवशी काय गाळलं आहे तेही लिहिलेलं असतं. गाळलेल्यांपैकी एखादी जागा तुम्हाला हवीच असेल तर सांगा, तिच्या बदल्यात काय काढता येईल ते आम्ही सुचवू. निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत केलेल्या बदलांचे वेगळे पैसे नाहीत.