फ्लूची लस घेतली की फ्लू होतो?

"लस घेतली आणि आठवड्यात तापाने आडवा झालो" हे वाक्य मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांच्या तोंडून सतत ऐकू येतं, आणि त्यांनीच लस टाळावी याचं मला फार वाईट वाटतं. दंडावर टोचतात त्या लशीत जिवंत विषाणू नसतोच, त्यामुळे तिच्यातून फ्लू होणं शक्य नाही. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस अंग कसकसतं, बस. (नाकात फवारायची जिवंत लस वेगळी. ती अशा रुग्णांना सहसा देत नाहीत.)

मग ताप कुठून येतो? संरक्षण तयार व्हायला साधारण 2 आठवडे लागतात. पावसाळ्यात फ्लू, सर्दीचे इतर विषाणू सगळीकडे असतात. त्यांतला एखादा त्याच काळात गाठतो आणि दोष सुईला.

खरा धोका फ्लूचा आहे. तापात नेहमीच्या गोळ्या घेऊनही साखर चढते, दमा उसळतो. 2018 साली कॅनडातल्या अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या 7 दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण सुमारे 6 पट आढळलं. विषाणू रूप बदलतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. पावसाळ्याआधीच डॉक्टरांना विचारा.