जोड भिंतीआड कसे गेले

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या वाड्याची दुरुस्ती निघाली, की एकाच घरात तीन पिढ्यांचं वायरिंग सापडू शकतं. सगळ्यांत जुनं लाकडी केसिंग-पट्टीतलं: रबराचं आवरण, त्यावर सुती वीण. मग सागवानी बॅटनवर, म्हणजे सपाट पट्टीवर, क्लिपांनी बसवलेलं. दोन्हींत वायर भिंतीवर असे, भिंतीत नव्हे. जोड म्हणजे तारांना घट्ट पीळ, राळ लावून डाख आणि वर टेप. जोड तापलाच तर पट्टी काळवंडे, वास येई.

पुढे पीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) आवरणाची वायर आली आणि कंड्युट, म्हणजे वायरची नळी, प्लास्टरखाली गेला. भिंती देखण्या झाल्या. डाख मात्र वेळखाऊ म्हणून सुटला आणि उरला नुसता पीळ.

त्यात तांबं महाग, म्हणून बऱ्याच घरांत अ‍ॅल्युमिनियम वायर आली. खरी डोकेदुखी इथली. अ‍ॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज नीट वाहू देत नाही. स्क्रूखाली दाबलेली तार हळूहळू दबत जाते, तापून-निवून पकड सैल होते. अशा तारेला तांब्याचा तुकडा थेट पिळला तर ओलीत गंज चढतो तो वेगळाच.

सैल जोडाचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, अर्धा ओहम धरला, तरी गिझरच्या 10 अँपिअरला त्या एका ठिपक्यात 50 वॉट उष्णता होते. जादा प्रवाहाला आपोआप बंद होणारा स्विच, एमसीबी, पडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. केबलची चाचणी करणारी ‘एर्डा’ ही संस्था 1974पासून याच शहरात आहे; पण तिथून पास झालेली वायरसुद्धा भिंतीत खोदलेल्या झिरीत पिळून लिंपली तर काय उपयोग?

आयएस 732 या भारतीय मानकाचा रोख म्हणूनच लूपिंगवर, म्हणजे मध्ये न जोडता वायर एका बोर्डातून दुसऱ्यात सलग नेण्यावर, आहे: कंड्युटच्या आत जोड नको; असलाच तर स्विचबोर्डात किंवा उघडता येणाऱ्या जंक्शन बॉक्समध्ये. बोर्ड दोन फूट सरकवला आणि वायर कमी पडली, तर मेन बंद करून, टेस्टर लावून, जुनी वायर ओढून काढावी आणि बॉक्सपासून बॉक्सपर्यंत सलग नवी घालावी. तसं जमत नसेल तर जुन्या बोर्डाच्या जागी बॉक्स ठेवून त्यात कनेक्टरने जोड द्यावा. तांबं-अ‍ॅल्युमिनियमसाठी त्याच जोडीकरता बनवलेला कनेक्टर हवा. भिंतीवर त्या बॉक्सची कोरी प्लेट दिसते म्हणून घरमालक कुरकुरतात आणि रंगारी तिच्यावर पुट्टी फिरवून मोकळा होतो.