अडॅप्टर तुमची फील्ड खात नाही भाऊ, डॉक्युमेंटेशनमधला शब्द चुकला होता

नमस्कार मंडळी,

सध्या दिवसाआड तरी एक फोन येऊन राहिला आहे आणि त्याची सुरुवात ठरलेली, "भाऊ, तुमचा लॉगिंग अडॅप्टर आमचा पावती नंबर खाऊन राहिला." (लॉगिंग अडॅप्टर म्हणजे प्रोग्रामने काय केलं याची नोंद लिहिताना तिला ठरलेली माहिती लावणारा आमचा पायथॉनमधला कोड.) तोच तो जबाब देऊन आमच्या तीन जणांच्या ऑफिसातला अर्धा दिवस जातो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

तुम्ही अडॅप्टर बनवताना त्याला कायमची फील्ड देता, म्हणजे ब्रांच, काउंटर, कोण लॉगिन आहे ते. मग प्रत्येक नोंद करताना एक्स्ट्रा मध्ये, म्हणजे नोंदीसोबत जादा माहिती द्यायच्या जागेत, पावती नंबर, रक्कम वगैरे देता आणि अपेक्षा ही की लॉग फाइलमधल्या जेसनच्या (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या) एका ओळीत दोन्ही यावं. येतं काय, तर ब्रांच आणि काउंटर. पावती नंबर गायब. एरर नाही, वॉर्निंग नाही, काहीच नाही, आणि म्हणूनच याच्यात सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण माणूस आधी डेटाबेस तपासतो, मग सर्व्हर, मग आम्हाला शिव्या.

कारण साधं आहे. आमचा अडॅप्टर पायथॉनच्या स्वतःच्या लॉगर अडॅप्टरवर बांधलेला आहे आणि त्यातली प्रोसेस नावाची मेथड डीफॉल्टने तुमच्या कॉलमधलं, म्हणजे नोंद करायच्या ओळीतलं, एक्स्ट्रा काढून त्या जागी अडॅप्टरचं एक्स्ट्रा ठेवते. दोन्ही एकत्र करत नाही. समजा नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याच्या पेटीवर शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी आहे आणि अडत्याने आपली चिठ्ठी बरोब्बर तिच्यावरच चिकटवली. पेटी जागेवरच आहे, फक्त खालचं नाव दिसत नाही.

हे पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, लपवलेलं नाही. पण आमच्या डॉकस्ट्रिंगमध्ये, म्हणजे कोडमध्येच लिहिलेल्या माहितीत, काय लिहिलं होतं, तर "अडॅप्टर कायमची फील्ड नोंदीत जोडतो". जोडतो! एका क्रियापदाने एवढा घोळ केला बघा. तिथे हवं होतं "कॉलमधल्या एक्स्ट्राच्या जागी ठेवतो". खालचं उदाहरणही असं होतं की त्यात कॉलमध्ये एक्स्ट्रा दिलेलंच नव्हतं, मग ते बरोबर चालायचंच, आणि तुम्ही तेच कॉपी करून पुढे एक्स्ट्रा लावलं. आमच्याही लक्षात आलं नाही, ते कबूल.

आता वाक्य बदललं आहे, उदाहरण बदललं आहे, कोड मात्र तोच आहे. यावर लगेच दुसरा प्रश्न येतो, "कोडच दुरुस्त करा ना, डॉक्युमेंटेशन काऊन बदलवता?" रास्त आहे. पण एका ग्राहकाच्या प्रोजेक्टमध्ये पार्टीची अख्खी रो एक्स्ट्रा मध्ये ढकललेली सापडली, मोबाइल नंबरासकट. आज ती अडॅप्टरपाशीच गळून पडते म्हणून लॉग फाइलमध्ये जात नाही. आम्ही परस्पर डीफॉल्ट बदलला तर पुढच्या अपडेटला सगळ्यांचे मोबाइल नंबर लॉगमध्ये छापलेले दिसतील, आणि तो फोन आम्हाला नको आहे. चालू वागणूक तशीच ठेवायची आणि वर्णन खरं करायचं, आम्ही असंच करतो, थोडं जुन्या वळणाचं वाटलं तरी चालेल.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. पायथॉन ३.१३ किंवा पुढचा असेल तर अडॅप्टर बनवताना मर्ज अंडरस्कोर एक्स्ट्रा ट्रू (merge_extra=True) द्या, काम झालं. ही सोय ३.१३ मध्येच आली, आधीच्या व्हर्जनला दिली तर अनोळखी आर्ग्युमेंटची एरर येईल, तेव्हा आधी व्हर्जन बघा. जुना पायथॉन असेल तर आमच्या अडॅप्टरचा सबक्लास (त्यावर बेतलेला तुमचा क्लास) करून प्रोसेस मेथड स्वतः लिहा, तीन ओळींचं काम आहे: आधी अडॅप्टरची फील्ड घ्या, त्यावर कॉलमधली टाका, आणि ती डिक्शनरी एक्स्ट्रा म्हणून परत द्या. क्रम उलटा करू नका. ३.१३ मध्येही एकच नाव दोन्हीकडे असेल तर कॉलमधली किंमत जिंकते, म्हणजे तुम्ही कॉलमध्ये चुकून ब्रांच पुन्हा लिहिलं तर अडॅप्टरचं ब्रांच गेलं समजा. आणि मर्ज चालू करायच्या आधी एक्स्ट्रा मध्ये काय काय ढकलून ठेवलंय ते एकदा शोधून बघा, वरचा मोबाइलवाला किस्सा आठवा.

बदल केल्यावर टर्मिनलवर बघून "अजूनही येत नाही" म्हणू नका राजेहो. साध्या फॉरमॅटरमध्ये, म्हणजे नोंद कशी छापायची ते ठरवणाऱ्या भागात, फील्डचं नाव लिहिलेलं नसेल तर ते छापलं जातच नाही, एक्स्ट्रा मध्ये असलं तरी. जेसनवाली फाइल उघडून बघा.

जाता जाता अजून एक, पार्टीच्या नावासाठी फील्डला नुसतं नेम म्हणू नका. नेम, मेसेज, मॉड्यूल, आर्ग्स ही नावं लॉग रेकॉर्डने, म्हणजे पायथॉनच्या नोंदीने, आधीच घेतलेली आहेत, तिथे सरळ की एरर (KeyError) येते. पार्टी अंडरस्कोर नेम ठेवा. ही चूक निदान ओरडून तरी सांगते, म्हणून तिचे फोन कमी.

नव्या डॉकस्ट्रिंगमधली उदाहरणं आता आम्ही प्रत्येक रिलीजच्या आधी डॉकटेस्टने, म्हणजे डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं तपासणाऱ्या पायथॉनच्या सोयीने, चालवून बघतो. त्यात आमची एक दुपार गेली होती, कारण लॉगिंगचा स्ट्रीम हँडलर डीफॉल्टने स्टँडर्ड एररला (चुकांच्या वेगळ्या आउटपुटला) लिहितो आणि डॉकटेस्ट फक्त स्टँडर्ड आउट (नेहमीचं आउटपुट) बघतं, त्यामुळे उदाहरण चालतं पण आउटपुट रिकामं दिसतं. हँडलरला स्टँडर्ड आउट दिलं की जमतं. तुमच्या स्वतःच्या कोडमधली डॉक्युमेंटेशनही अशीच जुनी झाली असेल तर ती वाचून, उदाहरणं चालवून दुरुस्त करून द्यायचं काम आम्ही घेतो. फाइली बघून चार्ज आधी सांगतो, आणि अडॅप्टरच्या ग्राहकांना पहिलं मॉड्यूल फुकट.

नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कात या, नाहीतर मेल करा. मेलमध्ये पायथॉनचा व्हर्जन, अडॅप्टर बनवायची ओळ, लॉग करायची ओळ आणि फाइलमधली एक जेसन ओळ, एवढं टेक्स्टमध्ये पाठवा. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला तिरपा फोटो नको, त्यातून आम्हाला तुमचा कीबोर्डच जास्त दिसतो. शनिवारी दुपारी दोनपर्यंत असतो, त्यानंतर फोन केला तर सोमवारीच उत्तर मिळेल.