सोलता येणारे रबरी लेपन (मोटारीची चाके)

मोटारीच्या धातूच्या चाकांवर संश्लिष्ट रबराचा थर फवारून त्यांचे रूप पालटण्याची आणि नकोसा झाल्यावर तोच थर सालीसारखा ओढून काढण्याची घरगुती पद्धती. रंग पृष्ठभागाला कायमचा धरतो. हा लेप मात्र मूळ रंगाला धक्का न लावता उतरतो. अमेरिकेत यासाठी ‘प्लास्टी डिप’ हे उत्पादन इतके प्रचलित आहे, की चाके ‘डिप करणे’ असेच तेथे म्हटले जाते. वास्तविक चाक कशातही बुडवले जात नाही. नावातील ही विसंगती लेपाच्या उगमाशी निगडित आहे.

उगम : या लेपनामागे दोन निरनिराळ्या परंपरा दिसतात. पहिली अवजारांच्या मुठींची. बी. एफ. गुडरिच कंपनीतील वॉल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये पॉलिव्हिनिल क्लोराइड हे ठिसूळ बहुवारिक (पॉलिमर) मऊ करण्याची रीत शोधली. तिच्यातून पुढे प्लॅस्टिसॉल हे दाट द्रव मिश्रण आले. तापवलेली पक्कड त्यात बुडवून पुन्हा भट्टीत भाजली, की मुठीवर मऊ आवरण चढते. घरी भट्टी नसते. म्हणून साध्या हवेत वाळणाऱ्या लेपाला मागणी होती. मिनेसोटा राज्यातील प्लास्टी डिप इंटरनॅशनल ही १९७२ मध्ये स्थापन झालेली कंपनी असा लेप डब्यातून विकू लागली. मूठ डब्यात बुडवायची आणि टांगून वाळवायची, म्हणून ‘डिप’. फवाऱ्याचा डबा नंतरचा.

दुसरी परंपरा तात्पुरत्या संरक्षक आवरणांची. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाने शेकडो जहाजे राखीव ताफ्यात ठेवली. त्यांच्या तोफांवर आधी प्लॅस्टिकच्या तंतूंचे जाळे आणि त्यावर व्हिनिल प्लॅस्टिकचे थर फवारून कोशासारखे आवरण करण्यात येई व आतील हवा कोरडी राखली जाई. जहाज पुन्हा कामावर काढताना हे आवरण कापून काढले जाई. १९५० मध्ये कोरियन युद्ध सुरू झाल्यावर तशी वेळ आलीच. साधारण त्याच दशकात नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या विमान कंपनीत रासायनिक कोरणीचे तंत्र विकसित झाले. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर रबरी लेप द्यायचा, जेथे धातू झिजवायचा तेवढाच भाग धारदार पात्याने कापून सोलायचा आणि पत्रा क्षारीय द्रावात सोडायचा. येथे सोलले जाणे हा लेपाचा दोष नसून त्याचे काम होते.

नाव आणि बाजारपेठ पहिल्या परंपरेतून आली, हे उघड आहे. पण मुठीचा लेप सुटता कामा नये, अशीच तेथे अपेक्षा असते. मूठ सर्व बाजूंनी वेढली गेल्याने लेप स्वतःलाच धरून राहतो आणि त्याचे दुबळे आसंजन (पृष्ठाला चिकटून राहणे) लपून जाते. चाकाच्या उघड्या, सपाट पृष्ठावर ते लपत नाही. तेथे उणीव भासणारी गोष्टच गुण ठरते. त्यामुळे चाकांवरील लेपनाची वंशरेषा दुसऱ्या परंपरेशी अधिक जवळची मानणे सयुक्तिक वाटते. मोटारींवरील वापराचा प्रसार बराच अलीकडचा असून तो सामान्यतः २०१० च्या आसपासचा धरला जातो. प्रात्यक्षिकांच्या चित्रफितींचा त्यात मोठा वाटा आहे.

घटक व गुणधर्म : अशा लेपांत बाष्पनशील विद्रावकांत विरघळवलेले रबरासारखे बहुवारिक, रंगद्रव्य आणि डब्यातून फवारा बाहेर ढकलणारा वायू असतो. टायरच्या रबराचे व्हल्कनीकरण (रेणूंच्या साखळ्या रासायनिक बंधांनी कायमच्या जोडणे) झालेले असल्याने ते पुन्हा विरघळत नाही. या लेपातील रबर मात्र नुसते विद्रावक उडून गेल्याने घट्ट होते, त्यात रासायनिक बंध तयार होत नाहीत. १९६५ च्या सुमारास शेल कंपनीने बाजारात आणलेली स्टायरीन-ब्यूटाडाइन गट-बहुवारिके या जातीची प्रमुख उदाहरणे होत. त्यांतील स्टायरीनचे कडक पुंजके गाठींसारखे काम करतात आणि मधली ब्यूटाडाइनची साखळी ताणली जाते. विद्रावक मिळाला की गाठी सुटतात. म्हणूनच जुन्या थरावर नवा थर फवारल्यास दोन्ही एकजीव होतात, ओरखडा जागच्या जागी दुरुस्त करता येतो. आणि म्हणूनच पेट्रोलचे थेंब पडले, तर लेप विरघळून डाग पडतो. प्लास्टी डिपचा निर्माता लेपाची तापमानमर्यादा सुमारे उणे ३४° ते ९३° से. सांगतो. रोजच्या वापरात चाकाची कड सहसा एवढी तापत नाही, परंतु लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यास ब्रेकची तबकडी याच्या कितीतरी पट तापते आणि हबजवळचा (चाक ज्यावर बसवतात त्या मधल्या भागाजवळचा) भाग मऊ पडू शकतो.

सोलण्याचे यांत्रिकी : पटल (वाळलेल्या लेपाचा पापुद्रा) सोलण्यास लागणारे बल त्याच्या रुंदीवर अवलंबून असते, लांबीवर नाही. आर. एस. रिव्हलिन यांनी १९४४ मध्ये मांडलेल्या संबंधानुसार न ताणल्या जाणाऱ्या पटलासाठी, दर एकक रुंदीमागील बल गुणिले (१ − ओढण्याच्या कोनाची कोज्या, म्हणजे कोसाइन) म्हणजे पृष्ठाची पकड सोडवण्यास लागणारे कार्य. काटकोनात ओढल्यास बल त्या कार्याइतके, तर पटल पूर्ण मागे दुमडून (१८०°) ओढल्यास त्याच्या निम्मे येते. रबर ताणले जात असल्याने प्रत्यक्षात या संबंधात ताणाचे पदही जोडावे लागते. पटल फाटण्यास लागणारे बल मात्र रुंदी आणि जाडी या दोहोंवर अवलंबून असते. जाडी वाढली की फाटण्याचे बल वाढते, सोलण्याचे जवळपास तेवढेच राहते. थर जाड असेल तर चाकाचे संपूर्ण आवरण एका तुकड्यात निघते आणि पातळ असेल तर नखाने खरवडत बसावे लागते, त्याचे कारण हे. नवशिक्याची पहिली चूक बहुधा कंजूषपणाची असते. अशा वेळी वरून आणखी दोन-तीन थर देऊन, ते वाळल्यावर सगळे एकत्र सोलावे. शिवाय पकड ओढण्याच्या वेगाप्रमाणे वाढते, म्हणून सावकाश ओढणे श्रेयस्कर.

कृती : चाक साबणाने धुऊन ब्रेकची धूळ, मेण आणि टायरला चकाकी आणणारे द्रव पूर्ण काढतात. टायर व कड यांच्या फटीत पत्त्यांच्या कॅटमधील पाने गोलाकार खोचली की टायर झाकला जातो. पहिला थर मुद्दाम विरळ, निम्मी जागा उघडी राहील असा देतात. त्यानंतर २०–३० मिनिटांच्या अंतराने चार ते सहा ओलसर थर, डबा १५–२० सेंमी. अंतरावर धरून. चिकटपट्टी व पाने शेवटचा थर ओला असतानाच काढावीत, नाहीतर कड फाटते. साधारण एका चाकाला एक डबा लागतो.

ज्या पृष्ठांवर चाक हबला टेकते आणि ज्या खळग्यांत नट बसतात, तेथे लेप अजिबात जाऊ देऊ नये. मऊ थर दाबाखाली चिरडत जातो, नटांचा ताण उतरतो आणि धावत्या गाडीचे चाक सैल होऊ शकते. या पद्धतीतला हा सर्वांत गंभीर धोका असून हौशी लोकांकडून त्याकडे दुर्लक्ष होऊ नये.

आरोग्य : विद्रावकांत टोल्यूइन, नाफ्था आणि काही मिश्रणांत हेक्झेन व मेथिल एथिल कीटोन असतात. ही सर्व ज्वालाग्राही आहेत. हेक्झेनपासून शरीरात २,५-हेक्झेनडायोन तयार होते व ते हातापायांच्या मज्जातंतूंना इजा करते. जपानमध्ये १९६० च्या दशकात चपला चिकटवणाऱ्या कामगारांत हा विकार आढळला होता. मेथिल एथिल कीटोन सोबत असल्यास ही विषाक्तता वाढते. चार चाके एकदा रंगवणाऱ्याचा संपर्क त्या कामगारांइतका दीर्घ नसतो; तरीही बंद गॅरेजात फवारणे टाळावे. तोंडावरचा रुमाल किंवा धुळीचा मुखवटा बाष्प अडवत नाही, त्यासाठी कार्बनी बाष्प शोषणारी पेटी बसवलेला मुखवटाच लागतो.

टिकाऊपणा : उन्हातील जंबुपार किरण आणि ओझोन यांनी रबर हळूहळू ठिसूळ होते, दोन-तीन वर्षांनी लेप काढून नवा देणे सोयीचे. जोरदार पाण्याचा फवारा कडेवर रोखल्यास लेप उचलला जातो. चाकाच्या मूळ रंगावरील, निघू लागलेल्या जुन्या पारदर्शक थरावर किंवा उडू लागलेल्या क्रोमवर लेप दिल्यास सोलताना तोही सोबत येतो.

मिश्रधातूच्या चाकाला मराठी गॅरेजांत आजही ‘मॅगव्हील’ म्हणतात. जुन्या शर्यती मोटारींच्या मॅग्नेशियमच्या चाकांवरून हे नाव आले. आजची चाके प्रायः ॲल्युमिनियमची असतात. मुंबई-कोकणातील पावसाळी हवेत हे लेपन करू नये. विद्रावक उडताना पृष्ठ थंड होते, हवेतील ओल त्यावर जमते आणि काळा थर वाळल्यावर पांढुरका दिसतो.